बोंबील उतरवले तो रविवार

आपण बेटावर राहतो, हे मला ऑफिसात भांडता भांडता सुचलं. सत्तरच्या दशकातली पहिली वर्षं होती. मी फोर्टातल्या एका ऑफिसात टायपिस्ट होते आणि भाईंदरला, नवघरच्या एका बैठ्या चाळीत, आईवडिलांबरोबर राहत होते. बाकीच्या बायका दादर-गिरगावच्या. त्यांच्या लेखी भाईंदर म्हणजे डास आणि मिठागरं. "तुमच्याकडे दिवे आले का गं?" असं आठवड्यातून एकदा तरी कोणीतरी विचारायचंच.

त्या दुपारी सहलीचा विषय निघाला होता आणि दरवर्षीप्रमाणे जुहूवर येऊन थांबला होता. मी म्हटलं, "जुहू काय घेऊन बसलात? आम्ही बेटावर राहतो. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र. चार-चार किनारे आहेत आमच्याकडे. त्यातला सांगा कुठला हवा."

मुंबईसुद्धा बेटच आहे, हे नशिबाने कोणाला आठवलं नाही. त्या चार किनाऱ्यांपैकी एकही मी धड पाहिलेला नव्हता. उचलली जीभ लावली टाळ्याला. पण साहेबांनी केबिनमधून ऐकलं आणि बाहेर येऊन म्हणाले, "मग तुम्हीच निवडा. मात्र उत्तम हवा. या वेळी मिसेस येणार आहेत."

ही फुशारकी कुठून आली ते सांगायला हवं. आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे. सुक्या मासळीवर वाढलेली मी. नोकरी लागली त्या महिन्यात एकदा डब्यात सुक्या बोंबलाची चटणी नेली होती. समोरची बाई फक्त उठली, खिडकी उघडली आणि परत येऊन जेवायला बसली. दुसऱ्या दिवसापासून मी बटाट्याची भाजी न्यायला लागले. आईला सांगितलं, ऑफिसात मासळी खायला वेळ मिळत नाही.

किनारे दाखवायला मी गाठलं मावशीला. मावशी उत्तनची. रोज सकाळी डोक्यावर मासळीची टोपली घेऊन, रेल्वेचं फाटक ओलांडून नवघरपर्यंत यायची. जातीची कोळीण, धर्माने ख्रिस्ती, आणि आईशी तिचं सख्ख्या बहिणीसारखं. मला विषमज्वर झाला होता तेव्हा ती पंधरा दिवस आमच्यासाठी वेगळ्या मुडदुश्या काढून आणायची, आजाऱ्याला पचतात म्हणून. पावसाळ्याच्या बेगमीचे बोंबील आमच्या घरी तिच्याचकडून यायचे. सहलीचं ऐकून ती म्हणाली, "तुझे सायबासमोर तुझी मान वर रव्हाला पायजे, बाय. ये रविवारी. समदे दाखवते."

जानेवारीतल्या एका रविवारी मी बसने उत्तनला गेले. मावशी चर्चमधून, तिच्या भाषेत देवळातून, मिस्सा आटपून आली, चहा प्यायलो आणि निघालो. दिवसभर तिने मला अक्षरशः तंगडतोड करायला लावली. पहिला किनारा धक्क्याजवळचा. तिथे होड्या, जाळी आणि इंजिनाच्या तेलाचा तवंग. "इथे पोरांचे कपडे काले व्हतील," म्हणून तिनेच तो बाद केला. दुसरा डोंगराखालचा. दिसायला सुरेख, पण पाण्यात सगळे खडक आणि खडकांवर कालवं. पाय ठेवला की कापलाच. तिसरा लांबच लांब, वाळूही छान, पण सावलीला एक झाड नाही, प्यायला पाणी नाही, आणि बायकांना आडोसा नाही. ही शेवटची गोष्ट माझ्या लक्षातही आली नसती. मावशी म्हणाली, "बाप्यांचं काय, खय पण जातील. बायांनी काय करावं?"

मग ती मला स्वतःच्या वाडीमागे घेऊन गेली. मी नुसती बघत राहिले. माडांची रांग, माडांत गोड्या पाण्याची विहीर, पुढे स्वच्छ वाळू आणि संथ उतरत जाणारं पाणी. वडिलांनी लहानपणी शिकवलेला हिशेब मी मनात केला. तिथीची पाऊणपट, तेवढ्या वाजता भरती. सहलीचा रविवार अष्टमीचा होता, म्हणजे भरती सहाला आणि दुपारी ओहोटी. मी तसं म्हटल्यावर मावशीने माझ्या पाठीवर थाप मारली. "आमचेतलीच हायस तू. अष्टमीचं पानी गरीब. पोरं पन खेळतील."

किनारा मिळाला होता. फक्त त्याच्या मधोमध, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, बांबू रोवलेले होते आणि बांबूंना बांधलेल्या दोऱ्यांवर हजारो बोंबील टांगलेले होते. एकाच्या तोंडात दुसऱ्याचं तोंड अडकवायचं आणि जोडी दोरीवर टाकायची. बायका दिवसभर उभ्या राहून हेच करतात. वारा समुद्राकडून येत होता आणि त्याच्याबरोबर तो वास. मला तो वास आवडतो. अजूनही आवडतो. पण त्या क्षणी मला फक्त ती खिडकी उघडणारी बाई दिसली.

मी विचारलं, "मावशी, त्या दिवसापुरते हे काढता येतील?"

तिने दोरीवरचा एक बोंबील दाबून पाहिला. मग तिने समजावलं की बोंबील सुकायला तीन-चार दिवस लागतात. शनिवारी दोरीवर असतील ते अर्धे ओले असतील. ते उतरवून एकावर एक घातले तर राहतील की जातील, सांगता येत नाही. आणि पावसाळ्यात होड्या बंद असल्या की घर याच्यावरच चालतं. हे सगळं मला माहीत नव्हतं असं नाही. तरी मी म्हटलं, "एकच दिवस गं, मावशी."

"बरं," ती म्हणाली. "जावेला इचारते. तिचे पन हायत."

सहलीच्या दिवशी आमची बस वाडीशी थांबली तेव्हा मी आधी नाकाने अंदाज घेतला. वास जवळजवळ नव्हता. दोऱ्या सोडून गुंडाळून ठेवल्या होत्या, वाळू झाडली होती. अगदी झाडली होती, खराट्याच्या रेघा दिसत होत्या. नुसते बांबू उभे होते. बायका "अगंबाई, किती छान!" म्हणत चपला काढून पाण्याकडे धावल्या. साहेब म्हणाले, "निवड उत्तम आहे हां तुमची." मी लाजल्यासारखं केलं.

थोड्या वेळाने मावशी आली. मिस्साहून थेट आली होती. ठेवणीतलं लाल लुगडं, गळ्यात सोन्याचे मणी, अंबाड्यात अबोलीचा गजरा. दोन्ही हातांत शहाळी. पाहुण्यांकडे यावं तशी आली होती, आणि दुरूनच हाक मारली, "आयलीस गो बाय?"

माझ्या शेजारी साहेबांच्या मिसेस बसल्या होत्या. मी "हं" म्हटलं. उठले नाही. त्यांनी विचारलं, "या कोण?" मी म्हटलं, "इथल्याच आहेत. जागेचं बघायला सांगितलं होतं त्यांना." मावशीने शहाळी खाली ठेवली.

मिसेस स्वभावाने वाईट नव्हत्या. हसून म्हणाल्या, "इथे मासळी वाळवत नाहीत ना हो? मला तो वास अजिबात सहन होत नाही."

"छे," मी म्हटलं. "इथे नाही."

"मग हे बांबू कसले?"

ऑफिसात भांडताना बेट सुचलं होतं, आता एक बांबू सुचेना. तेवढ्यात मावशी म्हणाली, "लगीन हाय आमच्यात. मांडवाचे बांबू हायत ते."

"अय्या! कोणाचं?"

"माझे पोरीचं."

मावशीला मुलगी नव्हती. दोन मुलगे होते, दोघे होडीवर. ज्या तोंडाने ती तासाभरापूर्वी देवळात प्रार्थना म्हणून आली होती, त्याच तोंडाने ती माझ्यासाठी खोटं बोलली. मग सगळ्या बायका गोळा झाल्या. नवरा काय करतो, साडी कसली घेतली, असं विचारायला लागल्या. मावशी उत्तरं देत होती. मिसेसनी पिशवीतून पेढ्यांचा पुडा काढून तिच्या हातात ठेवला, नवरीसाठी. तिने तो घेतला. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही, आणि मी वाळूकडे बघत बसले होते.

इथवरचं मी एखाद वेळी कोणाला हसत हसत सांगूही शकले असते. पुढचं आजवर सांगितलेलं नाही.

बाराच्या सुमारास पिण्याचं पाणी संपलं म्हणून मी कळशी घेऊन वाडीत गेले. मावशीच्या पडवीत गोणपाटाखाली मोठा ढीग होता. मावशी आणि तिची जाऊ त्याच्या दोन बाजूंना बसल्या होत्या. मी गोणपाट उचललं आणि ढिगात हात घातला. आत ऊब होती. कोकणातल्या कोणत्याही पोरीला हे कळतं. ढीग आतून गरम झाला म्हणजे मासळी कुजायला लागली. पण तेव्हाही वेळ गेलेली नव्हती. बाहेर कडक ऊन होतं, वारा होता. लगेच दोऱ्यांवर टाकले असते तर बरेचसे वाचले असते.

जाऊ म्हणाली, "टांगू का आता? ऊन हाय अजून." ती हे मावशीला म्हणाली, पण मावशीने माझ्याकडे पाहिलं. दोन घरांचा पावसाळा त्या गोणपाटाखाली होता आणि शब्द मी टाकायचा होता. टांगा, एवढंच म्हणायचं होतं. फार तर काय झालं असतं? मिसेसनी नाकाला पदर लावला असता. कोणीतरी म्हणालं असतं, तरीच म्हटलं भाईंदर. लग्नाचं खोटं उघडं पडलं असतं आणि मी कोण आहे ते कळलं असतं. बस्स.

मी म्हटलं, "चारला निघणार आहेत सगळे. तेवढं थांबा ना, मावशी."

"जसं तू सांगशील," ती म्हणाली. तिने गोणपाट परत नीट पसरलं आणि माझी कळशी भरून दिली.

चारला कोणी निघालं नाही. मिसेसना सूर्यास्त बघायचा होता. भेंड्या सुरू झाल्या. त्यात मीही गायले, आणि चांगली गायले. उन्हं उतरताना मधूनच एकदा मागे पाहिलं तर मावशी माडाखाली उभी राहून आकाशाकडे बघत होती. मला वाटलं, तिलाही सूर्यास्त आवडत असेल. म्हणजे असं वाटून घेतलं. आम्ही निघालो तेव्हा अंधार पडत होता.

सोमवारी ऑफिसात मी राणी होते. पुढच्या वर्षीही तिथेच जायचं, असं एकमताने ठरलं. मावशी मात्र आठ दिवस फिरकली नाही. तिच्या गावची दुसरी एक बाई मासळी घेऊन आली, तिने आईला सांगितलं की त्या दोन्ही घरांचे बोंबील गेले, सगळे माडांच्या मुळाशी खड्डा करून पुरले. आई हळहळली. "ओले बोंबील उतरवले कशाला गं त्यांनी? इतक्या वर्षांच्या जाणत्या बायका!"

"कोणास ठाऊक," मी म्हटलं, आणि वेणी घालायला बसले.

नवव्या दिवशी मावशी आली. आई पाण्याला गेली होती, घरात मी एकटी होते. काय बोलायचं ते मी आठ दिवस मनात घोकलं होतं. माफी मागायची, आईला सगळं सांगते म्हणायचं, पुढच्या वर्षी सहल तिथे नेणार नाही म्हणायचं. ती उंबऱ्याशी टेकली. टोपली खाली ठेवली. चाळीत इतरांच्या दारात ती टोपली उघडीच असायची, आमच्याही असायची. त्या दिवशी टोपलीवर ओलं फडकं होतं, चारी बाजूंनी घट्ट खोचलेलं.

मी फडक्याकडे बघते आहे हे तिला दिसलं. "झाकून आणलंय गो बाय," ती म्हणाली. "वास न्हाय येयाचा तुला."

टोमणा असता तर बरं झालं असतं. टोमणा नव्हता. तिला खरंच वाटत होतं की मला त्रास होतो, आणि ती माझी सोय बघत होती. त्यानंतर तीन वर्षांनी माझं लग्न होऊन मी तिथून गेले, तोवर रोज ती आमच्या दाराशी येण्याआधी चार पावलांवर थांबायची, फडकं खोचायची आणि मग हाक मारायची. काढ ते फडकं, एवढं तिला सांगायला मला तीन वर्षं मिळाली होती.

त्या दिवशी मी तोंड उघडलं. ती वर बघून वाट पाहत होती.

"मांदेली कशी दिलीस?" मी विचारलं.