समद्विभुज नसलेला त्रिकोण

मला भूमितीचा मनापासून राग. त्यात वडीलच, म्हणजे अण्णा, सोलापुरात भूमिती शिकवायचे, त्यामुळे तो राग घरात बोलून दाखवायचीही सोय नव्हती. बँकेत चिकटले तेव्हा कर्कटकातून कायमची सुटका झाली म्हणून मी देवापुढं साखर ठेवली होती.

मागच्या वर्षी अण्णांना अर्धांगवायूचा झटका आला. हातपाय थोडे सुधारले, वाचा मात्र परत येईना. डॉक्टर म्हणाले, "त्यांना कितपत समजतं, हे ते बोलल्याशिवाय सांगता येणार नाही. बोलतं करा." बोलायला शिकवणाऱ्या बाई यायच्या. त्यांनी आंब्याचं नाहीतर कपाचं चित्र पुढं धरलं, की अण्णा भिंतीकडं तोंड फिरवायचे. आत माझे अण्णा उरलेत की नाहीत, हेच मला कळेना.

शेवटी शेजारच्या मुलीचं दहावीचं गणित भाग दोन मागून आणलं. बँकेतून आले की पलंगाशी बसून एक उदाहरण मोठ्यानं बोलत सोडवायची. अण्णा नुसतेच वहीकडं बघत राहायचे. एका संध्याकाळी दोन त्रिकोण समरूप आहेत असं सिद्ध करायचं होतं. एक कोन समान दिलेला होता, दुसरा काही केल्या सापडेना. माझ्या आकृतीत मोठ्या त्रिकोणाच्या दोन बाजू सारख्या दिसत होत्या. मी ठोकून दिलं, "त्रिकोण समद्विभुज आहे, म्हणून पायालगतचे कोन समान."

"दिलंय का?"

जीभ जड होती, पण वैताग अगदी वर्गातला. त्यांनी डाव्या हाताचं बोट शिरोबिंदूवर टेकवलं. तिथला कोन दोन्ही त्रिकोणांना सामाईक होता आणि मला तो दिसला नव्हता. मी स्वयंपाकघरात गेले, नळ सोडला आणि पोटभर रडले.

मग मला त्यांच्या त्या आवाजाची चटकच लागली. दुसऱ्या दिवसापासून मी चुकायला सुरुवात केली. नसलेल्या समांतर रेषा मानल्या, भलत्याच बाजूंची गुणोत्तरं मांडली. अण्णा गप्प. आठवडा असाच गेला. त्यांच्यात तेवढंच शिल्लक होतं आणि तेही संपलं, असं धरून मी पुस्तक मिटलं.

अण्णांनी ते डाव्या हातानं ओढून परत उघडलं. माझ्याकडं बघितलं. तोंडाची एकच बाजू हसत होती.

"मुद्दाम चुकायलीस," ते थांबत थांबत म्हणाले. "मला कळतंय की सगळं."