हळदीच्या गाण्यातला गंधार

वणीच्या आमच्या बँड पार्टीत मी आधी क्लॅरिनेट वाजवायचो. मग मालकांनी नागपूरहून एक जुना आल्टो सॅक्सोफोन आणला आणि माझ्या गळ्यात अडकवला. वाद्य देखणं, पण हट्टी. पेटीवरचा सा धरून क्लॅरिनेटवर ठेवायचो त्याच जागी बोटं ठेवावीत, तर इथून भलताच सूर निघे. मालक म्हणाले, "ते असंच असते. तू विचार नको करू, वाजव." पण विचार केल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही. पेटीवाल्याला छळछळ छळून त्याचा सा माझ्या कुठल्या बोटांखाली आहे ते मी शोधलं आणि ज्याला त्याला सांगत सुटलो. कुणाला त्याचं सोयरसुतक नव्हतं.

सिनेमाची गाणी आम्ही हॉटेलातल्या रेडिओवरून उचलायचो. गाणं लागलं की लागलं, पुन्हा कधी लागेल याचा नेम नसे, म्हणून वाटणी ठरलेली: मुखडा मी धरायचा, अंतरा ट्रंपेटवाल्यानं, मधलं म्युझिक क्लॅरिनेटवाल्यानं. मग कुणाशी न बोलता, आपापला तुकडा गुणगुणत तालमीच्या खोलीकडे चालायचं. वाटेत कुणी खुशाली विचारली की तुकडा गेला. खोलीत जोडायला बसलो की तिघांचे सा तीन ठिकाणी निघत. त्यावरून भांडायला मला मनापासून आवडे, आणि भांडता भांडता गाणं सापडे.

मायचं गाणं मात्र असं रेडिओवर लागणारं नव्हतं.

छप्पन साली आमच्या घरानं धम्म घेतला. घरातले देव गेले आणि त्यांच्याबरोबर मायची लग्नातली गाणीही गेली, कारण एकेका गाण्यात कुठला तरी देव लग्नाला बोलावलेला असे. पुढं माझ्या बहिणीचं लग्न ठरलं. लग्न नव्या पद्धतीनं, पण हळद ठेवलेली. ज्या हळदीच्या गाण्यासाठी मायला मोहल्लाभर बोलावणं यायचं, ते तिला पोटच्या पोरीसाठी म्हणता येणार नव्हतं. बहीण एवढंच म्हणाली, "माह्या हळदीले मुकीच बसशीन का व माय?" माय उठून चुलीकडे गेली. मला ते फार लागलं.

मी म्हटलं, "शब्द राहू दे. चाल तं म्हणून दाखव, मी वाजवतो."

"त्याच्यात देव हायेत. मी आता नाई म्हणत."

"मंग नुसतं आ-आ कर."

"कायले? येडी हाव का मी?"

हट्ट कुणाकडून घेतला, हे मला त्या दिवशी कळलं. मग आठवेल तसं मीच अंगणात वाजवायला बसलो. माय तांदूळ पाखडत होती. थोड्या वेळानं ध्यानात आलं की मी चुकलो की तिचं सूप थांबतं आणि बरोबर आलो की चालू राहतं. त्या सुपाच्या भरवशावर मी गाणं शोधत गेलो. अडलं एका गंधारावर. कोमल वाजवला, सूप थांबलं. शुद्ध वाजवला, तरी थांबलं. आता या दोघांच्या मधे सॅक्सोफोनवर चावीच नाही. मग तिचा सूर राहतो तरी कुठं? वैतागून मी शुद्ध गंधार धरला आणि ओठ जरा सैल सोडला. सूर किंचित खाली लवला. सूप चालू राहिलं.

"सापडला, माय," मी म्हणालो.

"हारपला कधी होता?" ती म्हणाली.

हळदीच्या दिवशी बहीण पाटावर बसली, बायकांनी हळद लावायला घेतली आणि मी वाजवायला लागलो. बायका ओठ मिटून ऐकत होत्या. पहिल्या ओळीत नुसती हळद आणि नवरी. माझी ओळ संपली आणि मायनं तीच ओळ उचलली, शब्दांसकट. मी इतका हबकलो की बोटं चुकता चुकता राहिली. दुसरी ओळ तिनंच सुरू केली, पण त्या ओळीत देवाचं नाव होतं. नाव आलं तशी ती थांबली, तोंड मिटलं आणि माझ्याकडे पाहिलं.

नेमका त्याच नावावर तो मधला गंधार होता. मी ओठ सैल सोडला आणि तेवढं वाजवलं. पुढची ओळ मायनं परत उचलली.