किंजळीखालचे फुगे

मी समुद्रकाठचा माणूस. जे पाण्यात पोहलेलं नाही त्याला जेवण म्हणावं की नाही, यावर आमच्या घरात अजून भांडणं होतात. त्यामुळे लग्नानंतरच्या पहिल्या मिरगात, म्हणजे मृगाच्या पावसात, मी सासुरवाडीला, देवरूखच्या बाजूच्या एका डोंगरगावात गेलो आणि ताटात वाटपाच्या रश्शात सुपारीएवढे काळपट गोळे पडले, तेव्हा बायकोला हळूच विचारलं, "हे अंडं कुणाचं?"

"गप खा," ती म्हणाली.

खाल्लं. वरचं कवच दाताखाली कुडुम वाजलं आणि आतून जे काही मऊ, मातीच्या वासाचं तोंडात उतरलं, त्याच्यापुढे सुरमईने लाजून परत समुद्रात जावं. त्या दुपारी मी एवढा भात जेवलो की शेजारच्या दोन घरांना पेजेवर भागवावं लागलं. बायको म्हणते, मी वाढवून सांगतो. उलट मी कमी करून सांगतोय, अख्खी वाडी उपाशी होती.

ही रानातली अळंबी. हिला छत्री नाही, दांडा नाही. पानगळीखाली, मातीत अर्धी बुडून, गोटीसारखी गोल बसलेली असते. सासरी हिला फुगे म्हणतात. कोवळा फुगा कापला की आत खोबऱ्यासारखा पांढरा. जून झाला की आत काळी भुकटी, मग तो फेकायचाच.

सासूबाईंना मी मामी म्हणतो. जेवण झाल्यावर मी सहज विचारलं, "मामी, हे मिळतात कुठे?" तर घर असं चिडीचूप झालं, जसं काही मी त्यांचं वय विचारलं. नंतर बायकोने समजावलं. त्या गावात अळंबीची जागा कुणी कुणाला सांगत नाही. सख्ख्या बहिणीलाही नाही. जावयाला तर नाहीच नाही, कारण जावई तोंड घेऊन गावोगाव फिरतो. मिरग लागला की मामी पदराखाली परडी घेऊन नदीच्या वाटेने जात, आणि परत येत तेव्हा परडी भरलेली असे. नदीपलीकडच्या देवराईत फुगे मिळतात, अशी सगळ्या वाडीची खात्री होती. मामींच्या पोटच्या पोरांचीसुद्धा.

मी हार मानणाऱ्यातला नाही. न धुतलेले मूठभर फुगे गुपचूप रत्नागिरीला आणले आणि दारातल्या माडाखाली पुरले. रोज मासे धुतलेलं पाणी घातलं. फुगा एकही आला नाही, पण त्या वर्षी माडाच्या शहाळ्यांना बांगड्याचा वास यायचा, हे मी कुणापुढेही सांगायला तयार आहे. मामींना सांगितलं तर त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

"अवो जावयबापू, माडाची नि त्याची सोयरीक नाय! मी पण आंब्याच्या कलमाखाली पुरून बघितलेत. त्याला किंजळच लागते. मुळात मूळ घालून ऱ्हातात दोघं. ती त्याला पोसते, तो तिला. किंजळ गेली का तो पण गेला."

एवढं बोलून त्यांनी जीभ चावली. कारण त्यांच्या घराच्या मागच्या उतारावर किंजळीची झाडंच झाडं होती, आणि देवराईत, मी मुद्दाम जाऊन पाहिलं, किंजळ औषधालाही नव्हती. मी काही बोललो नाही. माझ्या आयुष्यात असं क्वचित घडतं.

मग एका मिरगात मेव्हणा मुंबईहून रजा काढून आला तो काजूची कलमं घेऊनच. अंगणात पिशव्यांची रांग लावली आणि जाहीर केलं, "मागचा उतार साफ करायचा. लाकूडवाला उद्या सकाळी कटर घेऊन येतोय."

मामी कोकमं फोडत बसल्या होत्या. हात थांबला. "उताराला हात लावायचा नाय."

"का पण आये? ती किंजळ काय कामाची?"

"नाय म्हणजे नाय."

"अगं, कारण तरी सांग!"

"कारण असल्याबिगर मी नाय म्हणेन काय?"

"मग सांग ना!"

"नाय."

मामींची कोंडी मला दिसत होती. सांगितलं नाही तर झाडं जाणार आणि झाडांबरोबर फुगे कायमचे जाणार. सांगितलं तर जागा जाणार, कारण हा पोरगा सकाळच्या चहात बुडवलेला बटरसुद्धा फोटो काढून वाडीच्या ग्रुपवर टाकतो. सगळी वाडी उतारावर उतरली असती.

म्हणून मी मैदानात उतरलो. "किंजळीला कटर लावू नकोस हो," मी म्हटलं, "आमच्याकडे एकाचा कटर आत अडकला. झाड उभंच आहे, कान लावला तर आत अजून घुरघुरतंय."

"भावोजी," मेव्हणा म्हणाला, "तुमच्या समुद्रात किंजळ कवापासून उगवायला लागली?"

मी माझ्या जागी परत बसलो.

सकाळी खाली रस्त्यावर टेम्पोचा हॉर्न वाजला. मेव्हणा चपला घालून निघाला. मामी उठल्या आणि वाटेत उभ्या राहिल्या.

"चपला काढ."

"आता काय?"

"काढ म्हणते ना. नि चल माझ्याबरोबर."

त्या उताराला लागल्या. गुडघे धरत, झुडपाला हात देत. मागे मेव्हणा, आणि कुणी नको म्हटलं नाही म्हणून मी. एका जुन्या किंजळीखाली त्या थांबल्या. "पाय सपाट टेकव. हळू सरक. डोळ्यांनी शोधू नको, तळव्यानं शोध."

मेव्हणा बोटभर सरकला आणि थांबला. "गोट्यासारखं लागतंय काय तरी."

"वाक मग."

त्याने काटकीने पानं बाजूला केली, माती उकरली. फुगा. नखाने फोडला. पांढराशुभ्र. पलीकडे दुसरा, मुळाच्या कडेने तिसरा. जन्मभर खाल्लेलं ते त्याच्याच पायाखाली होतं. तो तिथेच ओल्या पाचोळ्यात बसला.

"आये, हे हितं? मग तू नदीवर कशाला जायचीस?"

"कपडे धुवायला."

तेवढ्यात त्याचा हात खिशात गेला आणि मोबाईल बाहेर आला. मामींनी डोळे मिटले. मेव्हण्याने आधी आईकडे पाहिलं, मग मोबाईलकडे, आणि तो माझ्या हातात कोंबला. "भावोजी, हा तुमच्याकडं ठेवा. माझ्याच्यानं ऱ्हावणार नाय."

तसाच अनवाणी खाली गेला. लाकूडवाला करवादला, "अरे बाबा, एवढ्या लांबून आलो! नको म्हणतोस, कारण काय?"

"आये नाय म्हणते. कारण असल्याबिगर नाय म्हणेल काय?"

काजू खालच्या मोकळ्या वरकस जमिनीवर लागले आणि चांगले धरलेत. किंजळी उभ्या आहेत. आता मिरग लागला की देवरूखच्या एसटीतून कंडक्टरच्या ओळखीने एक स्टीलचा डबा रत्नागिरीला येतो, आत किंजळीच्या पानांत गुंडाळलेले फुगे. मी स्टँडवर गाडीच्या आधी जाऊन उभा असतो. परक्या किनाऱ्यावरच्या बडबड्या माणसाला त्या बाईने तिच्या झाडाखाली उभं राहू दिलं, याचं ऋण मला त्या डब्याच्या कोमट झाकणावर हात ठेवला की आठवतं.

त्या सकाळी उतरताना मीच म्हटलं होतं, "मामी, शपथ घाला हवी तर. मी कुणाला सांगणार नाही."

"सांगा की," मामी माझ्या खांद्याचा आधार घेत म्हणाल्या. "तुमचं कोण खरं मानतंय?"