खाटेखालचा पंप

आमचे हे म्हणजे गहिनीनाथ मिस्त्री. केजच्या आसपास कुणाची विहिरीवरली मोटार जळाली की ह्यांना सांगावा यायचा. मोटारीवर तळहात ठेवून आत काय बिघडलंय ते सांगायचे. मागल्या वर्षी अंगावरून वारं गेलं. आता डावा हात तेवढा चालतो, अन् तोंडातून एकच शब्द निघतो, न्हाई. चहा घेता का? न्हाई. अन् कपबशी पुढं केली की घोटभर ठेवत न्हाईत.

बापाला बघायला कायतरी असावं म्हणून सायलीनं, आमच्या लेकीनं, माशांची काचपेटी आणून दिली. मासे गुणाचे, पर पाण्यातला पंप लई कजाग. सारखा काचेवर थडथडायचा. मी काचपेटी अन् खाटेच्या मधी गोधडी टाकते. दुसऱ्या खोलीत निजता येत न्हाई, कारण ह्यांना हाक मारता येत न्हाई, घसा दाटला तर नुसतं घुरघुरतात. झोपायचं तिथंच, अन् तिथं झोप न्हाई. कुणी बरं बोललं तरी मला राग यायचा.

सायली फोनवर म्हणली, "आई, टाकीच्या बाहेर ठेवायचा पंप मिळतो. तो गुमान चालतो." म्हणून बीडला गेलते. दुकानदाराला विचारलं, "किती फूट वरी ओढतो?"

तो हसला. "मावशी, ही विहीर न्हाई. टाकीत पाणी किती, ते सांगा."

"सहा-सात घागरी."

त्यानं मोठा पंप बाजूला सारला. त्याच्या ओढीनं मासे नळीच्या जाळीला चिकटतील म्हणला. पाणी हळू फिरवणारा बारका दिला. कुठं ठेवायचा तेबी सांगितलं असंल, पर माझा तिथं उभ्यानंच डोळा लागत होता.

बसवायला बंकट आला. ह्यांच्याच हाताखाली शिकलेला. त्यानं पंप काचपेटीच्या वरल्या फळीवर ठेवला, दोन नळ्या पाण्यात सोडल्या अन् बटन दाबलं. मोटार वर अन् पाणी खाली, आमाला एवढंच ठावं. पंप कोरडाच घुमला. बंकटनं नळीत तांब्यानं पाणी भरलं, विहिरीवर भरतात तसं. तरी न्हाई. पंप तापला. तिकडं हे डाव्या हातानं खाट बडवत, "न्हाई, न्हाई."

माझं डोकं फिरलं. "मग तुमीच बसवा की. कावून पटंना, ते तरी सांगा."

बोलले अन् जीभ चावली. सांगता आलं असतं तर माणूस गप बसला असता का?

ह्यांनी बोट खाली केलं, भुईकडं. बंकटच्या टाळक्यात उजेड पडला. "काकू, पंप खाली पायजे. पाणी आपसूक उतरंल त्याच्यात."

खाली म्हणजे माझ्या गोधडीवर. दुसरी जागा न्हाई. मी गोधडी गुंडाळली, म्हणलं, "ठेव बाबा. मी त्याला उशाला घेऊन निजते. एवढ्या दिवसांची सवय हाय."

"न्हाई."

आता काय न्हाई, म्हणून बघितलं, तर हे आपल्याच खाटेवर थाप मारत होते. उशाच्या बाजूला. बंकटनं वाकून अंदाज घेतला. "नळी पुरंल."

पंप ह्यांच्या डोक्याखाली, खाटेच्या खाली ठेवला. बंकटनं कॉक उघडला. पाणी आपसूक उतरलं, हवा बुडबुडत निघून गेली. मग बटन दाबलं. बारीक घूं झाली, बास.

"तुमच्या कानाखाली घुमंल की वो," मी म्हणले.

ह्यांनी खाटेच्या लोखंडी नळीवर तळहात ठेवला, पहिल्यासारखा. मग बोटानं माझी गोधडी दाखवली, अन् मोकळी झालेली जागा.

मला रडू आलं, अन् बंकटपुढं मी ते लपवलंबी न्हाई. तो पाना उचलून गेला. त्याला चहा द्यायचा राहिला. भर दुपारी, भांडी तशीच टाकून, मी आडवी झाले. ह्यांचा हात खाटेवरून खाली आला. तो पंप चाचपत होता का माझं डोकं, ते कळायच्या आतच माझा डोळा लागला.