मूठ वाढली

आमच्या आईचा एक कायदा होता. बांगडी फुटली म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं. फुटली हा शब्द तोंडातून गेला की ती हातातलं काम टाकून नुसती बघायची, आणि ते बघणं चापटीपेक्षा वाईट. माझ्या थोरल्या भावाला, दादाला, या कायद्याची भारी गंमत वाटायची. कप पडून टवका उडाला की हा मोठ्यानं ओरडणार, "आई, कप वाढला गं!" चपलेचा अंगठा तुटला तरी वाढला, सायकलची चेन तुटली तरी वाढली. आई लटकं रागवायची आणि पदर तोंडाला लावून हसायची.

दादाकडं एक जुनी मोटारसायकल होती. सगळी वस्ती तिला फटफटी म्हणायची. देवळाली प्रवऱ्याच्या बाहेर उसाच्या मळ्यात आमचं घर, आणि दादा तिच्यावर दुधाच्या किटल्या बांधून रोज गावात घालायला न्यायचा. तिच्या हँडलची उजवी रबरी मूठ झिजून पार फाटली होती. उजवी मूठ म्हणजे गाडीचा जीव. ती पिळली की गाडी पळणार, सोडली की थंड पडणार. दादानं वर सुतळी गुंडाळून बरेच दिवस काढले होते.

मी तेव्हा मॅट्रिक होऊन घरी बसले होते. नगरला नर्सबाईच्या शिक्षणासाठी मुलाखत आहे, असं पत्र आलं. वडिलांना ते मुळीच पसंत नव्हतं. कोपरगावकडचं एक स्थळ त्यांनी जवळजवळ नक्की केलं होतं. दादा आठ दिवस त्यांच्या मागं लागला, तेव्हा कुठं ते म्हणाले, "बरं, एकडाव जाऊन या. झालं तर झालं. न्हाई झालं तर परवा मी होकार कळवनार. मग रडायचं न्हाई." मुलाखत अकराची होती. उशीर झाला तर आत घेणार नाही, असं पत्रात स्वच्छ लिहिलं होतं.

त्या मुलाखतीसाठीच दादानं गावातून नवी मूठ आणली. आदल्या संध्याकाळी तो अंगणात ती बसवायला बसला. रबर नवं, घट्ट. हँडलच्या नळीवर बोटभर आत जाई आणि अडून बसे. दादा घामाघूम झाला, मुठीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि धारा काढायची वेळ झाली म्हणून गोठ्यात गेला.

मी पायरीवर बसून बघत होते. मला वाटलं, पुरुषांना एवढंसुद्धा कळत नाही! कासारीण घट्ट बांगडी कशी चढवते? हाताला तेल लावते. हातच्या काकणाला आरसा कशाला? मी आत गेले, वेणीफणीची खोबरेलाची बाटली आणली, नळीला चोपडलं, मुठीच्या आतही सोडलं. सर्रकन बसली की हो! फडक्यानं वरचं तेल पुसलं आणि साळसूदासारखी भाकरी थापायला बसले.

दादा आला तो बघतच राहिला. "कशी गं बसवली?"

"जोर लावला," मी म्हटलं. खोटं कशाला बोलले, देव जाणे. शाबासकी हवी होती, दुसरं काय.

"लई जोर हाय की तुझ्यात! कोपरगावच्या पाव्हन्यांना कळवाय पायजे." मी त्याला कलथा दाखवला.

सकाळी आठला निघालो. थंडीचे दिवस, उसावर दव. राहुरी मागं पडेपर्यंत गाडी छान चालली आणि मी मनातल्या मनात उत्तरं पाठ करत होते. एवढ्यात गाडी आचके खायला लागली. दादा मूठ पिळतोय, मूठ गोल फिरतीये, पण आतली नळी जागची हलत नाही. एका खड्ड्यात गाडी आदळली आणि अख्खी मूठ त्याच्या हातात आली. गाडी थांबली. दादानं ती मूठ वर धरून बघितली आणि म्हणाला, "वाढली!"

मला हसू आलं नाही. माझ्या शहाणपणानं माझीच मुलाखत घालवली होती, आणि हे फक्त मला ठाऊक होतं. दादानं रुमाल गुंडाळून बघितला, तो घसरला. नुसती नळी धरून बघितली, ती बुळबुळीत. पुढं विळदचा घाट. तिथं मूठ पिळून धरली नाही तर गाडी चढणं शक्य नाही. एक एस्टी आली, मी दोन्ही हात हलवले, ती भरलेली होती, थांबलीसुद्धा नाही. दुसरी बाराशिवाय नाही. माझ्या डोळ्यांपुढं ते कोपरगावचं स्थळ पानसुपारी घेऊन बसलेलं दिसायला लागलं.

"रडतीस काय येड्यावानी," दादा म्हणाला. "ते बघ गुऱ्हाळ. कायतरी दोरी-चिंधी मिळंल."

रस्त्यालगतच गुऱ्हाळ चालू होतं. गाडी ढकलत नेली. काहिलीत, त्या भल्याथोरल्या कढईत, रस उकळत होता आणि एक वयस्कर गुळव्या लांब दांड्याच्या झाऱ्यानं मळी काढत होता. दादानं त्याला मामा म्हणत अडचण सांगितली. मामांनी मूठ हातात घेतली, आत बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं आणि आमच्याकडं बघितलं.

"ह्याला काय लावलं हुतं?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात दादा म्हणाला, "माझेच हात गिरीजचे हुते मामा, तेच लागलं आसंल."

मामांनी बोट धोतराला पुसलं. मला वाटलं, सुटले बाई! आणि सुटल्याबरोबर स्वतःचाच राग आला. पण खरं सांगायला जीभ काही रेटली नाही.

"भांड्याचं तेलकट कशानं निघतं पोरी?" मामांनी मला विचारलं.

"राखेनं."

"मग घे की राख. हुबी काय ऱ्हायलीस?"

चुलवणातली राख आणि गरम पाणी घेऊन मी मूठ आतून घासली, नळी घासली. देवाची भांडीसुद्धा इतक्या मनापासून कधी घासली नसतील. जाळाजवळ धरून दोन्ही कोरडं केलं. मग मामांनी पळीभर दाट काकवी आणली. गुळाच्या आधीचा तो पाक, गरम आणि चिकट. ती मुठीत ओतून फिरवली, नळीला फासली आणि म्हणाले, "हां, आता लाव तुझा जोर." गरम काकवीवरून मूठ घसरत आत गेली. तेलावरून गेली होती तशीच!

"आसंच तर तेलानं पन हुतं," मी बोलून गेले आणि जीभ चावली.

"तेल जन्मभर तेलच ऱ्हातं," मामा म्हणाले. "काकवी वाळती. वाळली की सोडती व्हय!"

वरून ओली चिंधी आवळून बांधली आणि मामांनी हुकूम सोडला, रस पिऊन होईपर्यंत हात लावायचा नाही. तो पेलाभर रस मी कसा प्यायले ते माझं मला माहीत. दादा मजेत दुसरा पेला मागत होता. शेवटी मामांनी चिंधी सोडली, दादानं किक मारली आणि मामांनी मूठ धरून जोरात पिळली. इंजिन असं गरजलं की गुऱ्हाळावरचे बैल बुजले. माझा जीव भांड्यात पडला, तोसुद्धा काहिलीएवढ्या भांड्यात.

विळदच्या घाटात मी दादाच्या खांद्यावरून फक्त त्या मुठीकडं बघत होते. घाट सरला. मूठ निसटली नाही.

अकराला पाच कमी असताना पोचलो. आत मेट्रनबाई बसल्या होत्या. त्यांनी पाठ केलेलं काहीच विचारलं नाही. म्हणाल्या, "हात दाखव."

नखांत राख, तळव्यावर रबराचा काळा डाग, आणि बोटं काकवीनं चिकटलेली. कर्म माझं! नर्स व्हायला आलेल्या पोरीचे हे हात! माझा धीर सुटला आणि मी सगळं सांगून टाकलं. बांगडी, खोबरेल, खोटं बोलणं, सगळं.

"उद्या चुकीचं औषध दिलंस तर अशीच सांगशील का?"

"सांगीन बाई."

"भावाला का नाही सांगितलंस?"

मी बोटांवरची काकवी खरवडत राहिले. त्यांनी कागदावर खूण केली आणि पुढचीला बोलावलं.

दुपारी दाराला यादी लागली, तिच्यात मी होते. धावत बाहेर आले तर दादा फटफटीवरून मुंगळे झटकत होता. सगळी मूठ मुंगळ्यांनी भरली होती. माझं तोंड बघूनच तो समजला. "आम्ही पेढे वाटायच्या आधी ह्यांनीच खाल्ले बघ," म्हणाला, आणि लगेच तोंड फिरवून डोळे पुसले. त्यानंतर देवळापुढं नारळ वाढवला. तो मात्र खरोखरच वाढवला.

सात-आठ वर्षं गेली. मी खर्ड्याच्या दवाखान्यात नोकरीला होते. मेट्रनबाईंना दिलेला शब्द मी पाळला, चूक झाली की त्याच मिनिटाला सांगायची. पण दादाला ती एक गोष्ट सांगायची राहूनच गेली. दर दिवाळीला ठरवायचे, आणि त्याच्या थट्टेच्या धाकानं गप्प बसायचे.

एक दिवस त्याचं कार्ड आलं. दादाची पत्रं म्हणजे तारेसारखी. "सगळे खुशाल. फटफटी विकली. गिऱ्हाइकाला नवी मूठ पाहिजे होती. जुनी काय केल्या निघेना, शेवटी ब्लेडनं वाढवली. त्याला बजावून सांगितलंय, नवी बसवताना खोबरेल लावू नको, एखाद्या पोरीची मुलाखत हुकेल."

मी ते कार्ड तीनदा वाचलं. म्हणजे गुऱ्हाळावर मामांनी बोट हुंगलं, तेव्हा याला ठाऊक होतं. कदाचित आदल्या संध्याकाळीच वास आला असेल. वडिलांपुढं नाही, मामांपुढं नाही, माझ्यापुढंसुद्धा नाही, इतकी वर्षं त्यानं तोंडातून चकार शब्द काढला नव्हता. आणि मी वेडी समजत होते की मीच लपवतेय! उरावरचा धोंडा उतरला, आणि मी बाकावर बसून घळाघळा रडले.

मलमपट्टीला आलेला एक म्हातारा घाबरून गेला. "बाई, घरी काय वाईट झालं का?"

"न्हाई हो बाबा," मी म्हटलं, "मूठ वाढली."