डावा कौल

नवस आईने केला होता आणि फेडायचा मात्र मला होता. माझी सगळी अडचण त्यातच होती.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना मला ल्युपस झाल्याचं कळलं. शरीराची राखण करणारी शक्तीच शरीरावर उलटते, असा तो आजार. माझ्या बाबतीत ती मूत्रपिंडांवर उलटली. पाय सुजले, चेहरा ओळखू येईना, आणि मुलुंडच्या एका हॉस्पिटलमध्ये मी बरेच दिवस पडून होते. तेव्हा आईने आमच्या गावच्या देवीला शब्द दिला, की पोर चालत घरी आली तर शिमग्यात तुझी पालखी अंगणात येईल तेव्हा ती स्वतःच्या हाताने तुझी ओटी भरेल. रत्नागिरीकडच्या आमच्या गावात शिमग्याला देवी देवळातून निघते आणि पालखीत बसून घरोघर जाते. एरवी माणसं देवाकडे जातात; त्या दिवसांत ती माणसांकडे येते. मी चालत घरी आले. पण पुढच्या वर्षी परीक्षा होती, त्यानंतर घरात सुतक आलं, मग माझेच सांधे धरले. नवस राहत गेला. आई बोलून दाखवायची नाही, पण होळी जवळ आली की ती गप्प होत जायची.

मला त्या नवसाबद्दल नेमकं काय वाटायचं, हे सांगणं कठीण आहे. मी कांदिवलीच्या इंग्रजी शाळेत शिकले. सकाळी रांगेत उभं राहून डोळे मिटून प्रार्थना म्हणायची ती इंग्रजीत, आणि मनातल्या मनात देवाशी बोलायची सवय लागली तीही इंग्रजीतच. गावच्या देवीसमोर उभी राहिले की वाटायचं, हिला माझं बोलणं कळणार नाही. गुरव तिच्याशी जे बोलायचे ते मला अर्धंच कळायचं. आम्ही दोघी एकमेकींकडे नुसत्या बघत राहायचो. मला त्यात काही वाईटही वाटत नसे. बघत राहणं मला जमतं. बोलणं जमत नाही.

आजाराबद्दलही मी कुणाला सांगितलं नव्हतं. आई म्हणायची, "लोकांना कशाला? उद्या स्थळं बघायचीत." आईने सांगितलं नसतं तरी मी बोलले नसते. मरोळच्या ऑफिसमध्ये डब्यानंतर गोळ्या घ्यायचे, तेव्हा कुणी विचारलंच तर ॲसिडिटी म्हणायचे. प्रतिकारशक्ती मुद्दाम कमी ठेवणाऱ्या गोळ्या होत्या त्या.

त्या वर्षी होळी होऊन गेली होती. कांदिवली-बोरिवलीत राहणाऱ्या आमच्या वाडीतल्या लोकांनी मिळून मिनीबस ठरवली होती. पालखी आमच्या घरी यायची पाळी आठवड्याभरावर होती, आणि या वेळी आईने माझी रजा स्वतः पक्की करून घेतली होती. नव्या साथीच्या बातम्या रोज येत होत्या. पण बिल्डिंगमध्ये लोक हसण्यावारी नेत होते. तळमजल्यावरचे काका म्हणाले होते, "आपण स्टेशनबाहेरचं सरबत पचवलेली माणसं. आपल्याला काय होतंय?" मला मात्र त्यात हसू येत नसे. किडनीच्या डॉक्टरांना फोन करून विचारायचं रोज ठरवायचे. विचारलं की भीती खरी होईल असं वाटायचं, म्हणून उद्यावर ढकलायचे.

माझ्या गोळ्यांपैकी एक बरीच वर्षं घेतली तर डोळ्यांच्या पडद्याला धोका असतो, म्हणून वर्षातून एकदा डोळे तपासून घ्यावे लागतात. गावी जाण्याआधी ते उरकून घ्यावं म्हणून मी बोरिवलीच्या नेहमीच्या डोळ्यांच्या दवाखान्यात गेले. बाहुल्या मोठ्या व्हाव्यात म्हणून डोळ्यांत थेंब घातले आणि बाहेरच्या खुर्चीवर डोळे मिटून बसायला सांगितलं. मला डोळे मिटून लोकांत बसायला आवडत नाही. कोण आलं, कोण कसं बसलंय हे दिसत असलं की मला सुरक्षित वाटतं.

शेजारी कुणीतरी येऊन बसलं. दवाखान्याच्या साबणाचा वास आला.

"एकटीच आलीस? ऑटो मिळेल ना जाताना? उजेड सहन होणार नाही आता." बाईचा आवाज होता, वयस्कर, जरा बसका.

मी हो म्हटलं.

"एवढ्या लहान वयात पडद्याची तपासणी? कसली गोळी चालू आहे?"

एरवी मी हसून विषय टाळला असता. पण समोर चेहरा नव्हता. अंधारात एक आवाज होता, आणि त्या आवाजाला मी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्यांची नावं सांगितली, डोससुद्धा सांगितला. इतकी वर्षं न बोललेलं सगळं इतकं सहज बाहेर आलं, की मला स्वतःचाच आवाज अनोळखी वाटला.

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. ती बाई उठून एक खुर्ची सोडून पलीकडे बसली. मला ते लागलं. म्हणूनच कुणाला सांगू नये, असं मनात आलं, तेवढ्यात ती म्हणाली, "तुझ्यासाठी सरकले गं. राग नको मानूस. मी दिवसभर खोकणाऱ्या पेशंटमध्ये असते. नीट ऐक आता. उद्यापासून तू घराबाहेर पडायचं नाही. ऑफिस नाही, लग्न नाही, देऊळ नाही. घरात जे बाहेर जातात त्यांच्यापासूनही लांब राहा. गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत, उलट दोन-तीन महिन्यांच्या आणून ठेव. आणि तुझ्या डॉक्टरांना आज फोन कर. आजच."

"पण अजून कुणी असं काही सांगितलेलं नाही," मी म्हटलं.

"सगळ्यांना सांगायचं तेव्हा सांगतील. तुला मी आज सांगतेय."

मी गावचं सांगितलं, पालखीचं सांगितलं, नवसाचंही. तिने ते ऐकून घेतलं. मग म्हणाली, "नवस कशासाठी केला आईने? तू जगावीस म्हणूनच ना?" तेवढ्यात कुणीतरी तिला आत बोलावलं. मी डोळे उघडले तेव्हा एक पांढुरकी आकृती दारातून आत जाताना दिसली, बाकी सगळा उजेडाचा चिखल. माझी तपासणी होऊन मी बाहेर आले तेव्हा ती गेली होती.

रिक्षात बसूनच किडनीच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "बरोबर सांगितलंय कुणीतरी. मी आजच माझ्या पेशंटना फोन करायला घेतलेत, तुझं नाव यायचंच होतं." गावाचं विचारल्यावर म्हणाले, "बसमध्ये बसायचा विचारही नको." वाटेत औषधं घेतली आणि घरी आले.

घरी आई बॅग भरत होती. मी सगळं सांगितलं. तिने हातातला खण खाली ठेवला.

"कोण होती ती?"

"माहीत नाही. दिसली नाही."

"दिसली नाही, आणि तिचं ऐकून देवीला नाही म्हणायचं?"

"देवी तरी तुला कुठे दिसलीये?" मी बोलून गेले. आईला मी असं कधी बोलत नाही. ती स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून उभी राहिली. बाबा दारात चपला काढत होते. ते हळूच म्हणाले, "अगं, डॉक्टरांनीही सांगितलंय ना तिच्या." आईने वळून फक्त एवढंच म्हटलं, "हॉस्पिटलात मी तिच्याकडेच मागितली होती ही. आता तिला न विचारता कशी ठेवून घेऊ?"

तेव्हा मला कळलं की आईला माझी काळजी नव्हती असं नाही. तिची काळजी दोन ठिकाणी गहाण पडली होती. गेलं तर आजार, न गेलं तर मोडलेला शब्द, आणि दोन्हीकडे मीच होते.

म्हणून कौल लावायचं ठरलं. आमच्याकडे मोठ्या निर्णयाआधी देवीला विचारतात. गुरव मूर्तीच्या दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतात आणि प्रश्न घालतात. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. पालखी घरोघर फिरत असली तरी पाषाणाची मूर्ती देवळातच असते. दुसऱ्या दिवशी सकाळी काका, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, देवळात गेले आणि त्यांनी व्हिडिओ कॉल लावला. आई आंघोळ करून, डोक्यावर पदर घेऊन स्वयंपाकघरात फोनसमोर बसली. मी तिच्यापासून लांब, दाराशी उभी होते.

गुरवांनी गाऱ्हाणं घातलं. रेंज मधूनच तुटत होती, पण त्या दिवशी मला पहिल्यांदाच शब्द नीट कळले. "बाय माझे, तुझा लेकरू मुंबईस हाय. दुखण्यातनं तूच उठवलंस. जिथं असंल तिथं त्याची राखण कर." काका आणि आजूबाजूची माणसं म्हणाली, "व्हय म्हाराजा." कांदिवलीच्या स्वयंपाकघरात आईही पुटपुटली, "व्हय म्हाराजा." मग गुरवांनी विचारलं, पोरीला आणायची असंल तर उजवा दे, नको असंल तर डावा दे.

बराच वेळ काहीच झालं नाही. घंटा वाजत राहिली. मी पाकळ्यांकडे बघत होते आणि आत मात्र एक वेगळीच गोष्ट घडत होती. मी मागणं मागत नव्हते. कोणत्या भाषेत मागावं हा प्रश्नच उरला नव्हता. इतक्या दिवसांची भीती थकून एका कोपऱ्यात बसली होती. तू काय ते ठरव, एवढंच होतं, आणि तेही शब्दांत नव्हतं.

उजवीकडची पाकळी सुटली आणि खाली पडली.

मी बघितलं, अगदी स्पष्ट. उजवीकडची. आईने पदर डोळ्यांना लावला. मी म्हटलं, "ठीक आहे आई. येते मी. रडू नकोस."

आईने माझ्याकडे असं बघितलं जसं मी काहीतरी भलतंच बोलले. तिकडून काकांचा आवाज आला, "डावा दिलान गो, डावा! नको म्हणते. तिकडंच ऱ्हा."

"डावा कसा? उजवी पडली ना," मी म्हणाले.

"तुझी उजवी गं ती," आई रडता रडता हसायला लागली. "देवी आपल्याकडे तोंड करून बसलीये. तिची डावी. एवढं शिकून उजवं-डावं कळेना बाईला."

कौल माझ्या बाजूने बघायचाच नसतो, हे मला माहीत नव्हतं. मी खरोखर गेले असते का, हे आजही मला सांगता येत नाही. डॉक्टरांचा शब्द मोडून जाणं चुकीचंच ठरलं असतं. पण त्या काही क्षणांत मी माझी बाजू सोडून दिली होती, एवढं खरं. आणि सोडल्यावर जे हाती आलं ते माझ्या भल्याचंच होतं.

बाबा एकटे बसने गेले. ओटीचं सामान मी हात लावून त्यांच्याकडे दिलं. पण पालखी आमच्या अंगणापर्यंत आलीच नाही. गर्दी नको म्हणून वरून सूचना आल्या आणि गावाने ती अर्ध्या वाटेवरून देवळात नेऊन दार लावलं. बाबांनी फोनवर सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "बघ, तीही बसली घरात." मग सगळंच बंद झालं. बस परत येऊ शकली नाही. बाबा आणि वाडीतले बाकीचे लोक उन्हाळा संपेपर्यंत गावात अडकले. ते तिथे सुखरूप होते. मी तिथे असते तर काय झालं असतं, याचा विचार मी फार करत नाही. एवढं मात्र घडलं, की त्या उन्हाळ्यात माझे पाय पुन्हा सुजले. डॉक्टर जवळ होते, त्यांनी फोनवरून आणि एकदा बोलावून घेऊन औषध बदललं. माझी ती डोळ्यांना जपायला लावणारी गोळी, साथीवरचा उपाय म्हणून लोकांनी भराभर विकत घेतल्यामुळे, दुकानांतून नाहीशी झाली होती. माझ्या कपाटात ती होती, कारण एका बाईने आणून ठेवायला सांगितली होती.

पुढे डोळ्यांच्या दवाखान्यात गेले तेव्हा मी चौकशी केली. रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, "इतक्या बायका येतात ताई, कसं सांगणार?" मी पुन्हा विचारलं नाही. ती डॉक्टर होती, दिवसभर दमून स्वतःचे डोळे दाखवायला आली होती आणि शेजारच्या मुलीशी दोन शब्द बोलली, इतकंच असेल. माझ्या आभारांना तेवढंही पुरतं. राखण म्हणजे कुणीतरी काठी घेऊन दाराशी उभं राहणं, असं मला वाटायचं. आता वाटतं, राखण पुष्कळदा अशी एक खुर्ची पलीकडे सरकून बसते. आपण राग न मानता ती होऊ द्यावी लागते.

नवस फेडायला आणखी काही वर्षं गेली. डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हटलं त्या शिमग्याला आम्ही तिघं गावी गेलो. ढोल वाजत पालखी अंगणात आली, माणसांनी ती खांद्यांवरून उतरवून पाटावर ठेवली. मी खण, नारळ, तांदूळ घेऊन पुढे झाले. ओटी भरताना काही तांदूळ बाहेर सांडले. काकी म्हणाल्या, "सांडू दे, कोंबड्या खातील." ओटी भरून झाली आणि मी हात जोडून उभी राहिले.

आईने कानाशी येऊन विचारलं, "मागितलंस का काही?"

"नाही."

"शाळेतही कधी हात वर करायची नाहीस," ती म्हणाली, आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. तिचा चेहरा किती वर्षांनी सैल झालेला दिसला. "बरं केलंस. सरक आता. पुढच्या घरची माणसं खोळंबलीत तिच्यासाठी."

मी बाजूला झाले. पालखी उठली.