बाळाच्या खोलीतला एसी गळत होता

मंडळी, माफ करा. सकाळीच लिहायचं होतं, पण दिवसभर जिवाला घोर लागलेला, आता कुठे टेकलो.

उद्या सून बाळाला घेऊन आमच्या कळव्याच्या घरी येणार. आणि आज बघतो तर त्यांच्या खोलीतल्या एसीतून टपाटप पाणी, थेट पाळण्यात! गॅस संपला? की मशीनच गेलं? या दमट हवेत बाळ कसं राहणार?

मेकॅनिक आला, खिडकीबाहेर वाकला आणि हसायलाच लागला. "आजोबा, पाणी जायच्या पाइपात हा बोळा कुणी कोंबला?"

"मीच. पाऊस झोडपत होता, पाणी आत आलं असतं ना!"

बायको म्हणाली, "अहो, हे काय मिठागर आहे?"

पन्नासच्या दशकात, लहानपणी, आम्ही मिठागरावरच राहायचो. भरतीचं पाणी शिरू नये म्हणून बाबा मला पाटाचं तोंड चिखलाने बुजवायला पाठवायचे. शाळा चौथीत सुटली, ही सवय काही सुटली नाही.

बोळा काढला आणि साठलेलं पाणी भळाभळा बाहेर गेलं. मेकॅनिक म्हणाला, दमट हवेत एसी खूप पाणी ओढतो, त्याला वाट लागतेच.

आता खोली छान कोरडी आहे. पाळणाही लांब सरकवलाय.

एकच शंका. तान्ह्या बाळासाठी एसी कितीवर ठेवायचा? बायको म्हणते सव्वीस, मला तेही गार वाटतं. घरात लहान बाळ असलेल्यांनी लवकर कळवा हो, ती दोघं सकाळीच येतायत.